पाहुणीचं पान

अमेरिकेतल्या टकोमा शहराच्या दक्षिण टोकाला, टायरच्या दुकानाशेजारून आत वळणाऱ्या गल्लीत आमचा ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या लोकांचा, विहार आहे. पूर्वी ते एका दंतवैद्याचं घर होतं. आता दाराशी सिमेंटचे दोन सिंह बसलेत, गॅरेजचं स्वयंपाकघर झालंय आणि जिथे लोकांचे दात उपटले जायचे तिथे बुद्धमूर्ती आहे. विहारात थोरले भंते आहेत, धाकटे भंते आहेत, एक समिती आहे आणि समितीत दोन गट आहेत. पण सत्ता कुणाची म्हणाल, तर मिंग रोमची. मिंग म्हणजे मावशी. तिला सख्खं भाचरू इथे एकही नाही, तरी साठीच्या आतले सगळे तिला मिंग म्हणतात आणि साठीच्या पुढचे तिला बिचकून असतात.

अंगानं ती एवढीशी. स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यात डोकावायचं तर तिला पाटावर उभं राहावं लागतं. आयुष्यभर तिनं कामच केलं. थायलंडच्या सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीतून इथे आली तेव्हा आधी काही वर्षं जंगलात जाऊन फुलवाल्यांसाठी हिरव्या पानांच्या जुड्या बांधल्या, मग मासळीच्या कारखान्यात सोलणं, कापणं, भरणं. गुडघा गेला तेव्हा कारखाना सुटला. नवरा गेला, मुलगी ह्यूस्टनला तिच्या संसारात. मग मिंग रोमनं विहाराचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. कुणी दिलं नव्हतं, पण परत मागायचीही कुणाची छाती झाली नाही.

तिचा दिवस झाडूनं सुरू व्हायचा. सकाळी ती दाराशी सिंहांजवळ झाडू घेऊन उभी राहायची, आणि ते झाडण्यासाठी नव्हे. त्या वेळेला गल्लीतून एक गोरी म्हातारी कुत्रा घेऊन जायची. म्हातारी उजव्या सिंहाच्या डोक्यावर हात ठेवायची आणि तेवढ्यात कुत्रा डाव्या सिंहापाशी पाय वर करायचा. मिंग रोमनं पहिल्यांदा हे पाहिलं त्या दिवशी तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवसापासून पहारा सुरू. म्हातारी दिसली की मिंग रोम झाडू डोक्यावर धरून हलवायची. म्हातारीही हसून हात हलवायची. एवढं निर्लज्ज माणूस आपण जन्मात पाहिलं नाही, असं मिंग रोम स्वयंपाकघरात सांगायची. असं बरीच वर्षं चाललं. या वसंतात मात्र म्हातारी यायची थांबली. मिंग रोमनं हा आपला विजय मानला, पण झाडू घेऊन उभं राहायची सवय काही सुटली नाही. कधीकधी ती गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकून यायची.

तिचा एक चोरटा छंदही सांगायला हवा. विहारातली थीदा आणि तिचा नवरा मिळून डोनटचं दुकान चालवतात. सणावाराला त्यांच्याकडून एक मोठा डबा येतो. त्यात मेपलचा पाक चढवलेला लांबट डोनट असतो, त्याला सगळे मेपल बार म्हणतात. मिंग रोम चारचौघांत म्हणायची की असलं गोड खाऊन माणसं बैलासारखी फुगतात. आणि डबा आला रे आला की त्यातला एक मेपल बार कागदात गुंडाळून जुन्या, बंद पडलेल्या राइस कुकरमध्ये ठेवायची. तो कुकर फेकून द्यायला ती का कबूल होत नाही, हे कोडं समितीला आजवर सुटलेलं नव्हतं.

भादव्यात पितरांचा पंधरवडा येतो. त्या दिवसांत गेलेल्या माणसांना मोकळीक मिळते. ती सात विहार हिंडतात आणि आपल्या माणसांनी आपल्यासाठी पान वाढलंय का ते बघतात. सापडलं नाही तर उपाशीपोटी परत जातात. भंते जेवले की ते पितरांना पोचतं, आणि भंते दुपारी बारानंतर जेवत नाहीत. या बारावरूनही विहारात मोठी भांडणं झाली होती. उन्हाळ्यात हा देश घड्याळं तासभर पुढे ढकलतो, म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य अकरालाच रेंगाळत असतो. समितीतला एक गट म्हणायचा सूर्य धरा, दुसरा म्हणायचा घड्याळ धरा, आणि तिसरा गट होता तो रुसून स्टॉकटनला निघून गेला. शेवटी थोरल्या भंतेंनी घड्याळ धरलं. तेव्हापासून पितरांनाही इथलीच वेळ पाळावी लागते.

पंधरवड्यात रोज एकेका घराची पाळी असते. मिंग रोमची पाळी आली बुधवारी. नवऱ्याची तिला चिंता नव्हती. तो भरल्या पोटी गेला होता, रविवारी, टीव्हीवर फुटबॉल बघता बघता. चिंता आईची होती. आई गेली ती त्या काळात. आमच्यात नुसतं 'तो काळ' म्हटलं की पुरतं. बंदुकीच्या धाकाखाली शेतात राबायचं आणि पाण्यासारखी पेज मिळायची, आणि आई शेवटी शेवटी झोपेतसुद्धा सामलॉ कोको या कालवणाबद्दल बोलायची. कच्चा फणस, कच्ची केळी, भोपळा, वांगी, शेवग्याचा पाला, मासा, वर भाजलेल्या तांदळाचं कूट, आणि हे सगळं सारखं ढवळत राहायचं. मिंग रोम तेव्हा विशीत होती. आईला ती पाण्याशिवाय काही देऊ शकली नाही. म्हणून ती दर वर्षी या एका दिवशी सामलॉ कोको करते, आणि थोरल्या भंतेंच्या तोंडात पहिला घास जाईपर्यंत तिच्या स्वतःच्या घशाखाली पाणी उतरत नाही. बाकी वर्षभर ती सगळ्यांना रागावते. त्या दिवशी ती गप्प असते, आणि त्यानं लोक जास्त घाबरतात.

त्या बुधवारी ती पहाटेपासून ढवळत होती. साडेअकराच्या सुमाराला पानं मांडून झाली आणि तेवढ्यात दारात एक गोरा माणूस उभा राहिला.

माणूस चांगला दारभर होता. वय पन्नाशीच्या आसपास, हातात टोपी, चेहऱ्यावर शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या मुलाचा भाव. नाव ग्लेन. बूट काढायचे हे त्याला ठाऊक होतं, पण बुटांच्या नाड्या घोट्याच्या वरपर्यंत, त्यामुळे तो दारातच एका पायावर नाचत राहिला आणि सगळी वाट अडली. आत आल्यावर त्यानं चहूकडे पाहिलं. खुर्चीसारखं दिसणारं तिथे एकच होतं, भंतेंचा चौथरा. तो बेधडक त्याच्यावर जाऊन बसला.

"मिंग, जावई आला बघ तुझा," थीदा हळूच म्हणाली. "मानाची जागा बरोब्बर ओळखली."

विहारात पूजापाठ सांगायला ता नोप असतात. ता म्हणजे आजोबा, वय ऐंशीच्या घरात. त्यांच्या खांद्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि उजवा हात गळ्यात बांधलेला होता. त्यांनी डाव्या हातानं ग्लेनला खाली उतरायची खूण केली. तो कानापर्यंत लाल झाला, खाली चटईवर बसला आणि लांबच लांब पाय पसरले, तळवे थेट बुद्धमूर्तीकडे करून. बायकांच्या रांगेत चुळबुळ झाली. मिंग रोम उठली, स्वयंपाकघरातला टॉवेल आणला आणि त्याच्या पायांवर घातला. त्याला वाटलं आपल्याला थंडी वाजेल म्हणून ही आजी काळजी करतेय. त्यानं मनापासून आभार मानले. मग मिंग रोमनं त्याला पाय एका बाजूला दुमडायला लावले. गुडघ्यांचा असा आवाज झाला की धाकट्या भंतेंनी दचकून वर पाहिलं.

ठेंगण्या टेबलावर पंचवीस-तीस वाट्या आणि ताटल्या होत्या, मधोमध सामलॉ कोको. थीदाचा नवरा आणि त्याच्याबरोबरच्या दोघांनी मिळून ते टेबल जमिनीपासून वीतभर उचललं, थोरल्या भंतेंनी त्याला हात लावला आणि अर्पण झालं. अर्पण झालेल्या अन्नाला मग आपण हात लावायचा नसतो. लावला, हलवलं, तर ते पुन्हा आपलं होतं, आणि पुन्हा हातांनी उचलून दिल्याशिवाय भंतेंना त्यातला कणही घेता येत नाही. हे आमच्यात पोरासोरांनाही माहीत असतं. तिघे पुरुष नमस्कार करून आपापल्या कामावर पळाले. ता नोप गेलेल्यांची नावं वाचू लागले. मिंग रोमनं डोळे मिटले.

डोळे उघडले ते बायकांच्या दबक्या ओरडण्यानं. झालं होतं असं की थोरल्या भंतेंनी पाण्याच्या पेल्याकडे हात नेला आणि तो जरा लांब होता. ग्लेन जवळच बसला होता. म्हाताऱ्या माणसाचा हात पोचत नाही हे बघून या भल्या माणसानं पुढे सरकून, दोन्ही हातांनी, वाट्यांसकट अख्खं टेबल भंतेंकडे ओढून दिलं. वर हसून मान डोलावली, घ्या म्हणून.

थोरल्या भंतेंनी हात आवरता घेतला आणि मांडीवर ठेवला. ता नोपांचं वाचन थांबलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते.

आता काय करायचं यावर एकदम चार मतं निघाली. बायकांनी भंतेंच्या थेट हातात काही द्यायचं नसतं म्हणून एकेक वाटी कापडावरून पुन्हा द्यावी, तर तेवढ्या वाट्या होईपर्यंत बारा वाजून जाणार. टेबल उचलावं, तर उचलणारे पुरुष गेलेले. ता नोप एका हाताचे. बायकांत जिचे गुडघे शाबूत आहेत अशी फक्त थीदा. कुणीतरी सूर्याचा मुद्दा उकरून काढला, तशी दुसरीनं तिला तिथेच गप्प केलं. थोरले भंते नियमाला पक्के होते आणि त्यांना मनातून वाईट वाटत होतं, हे त्यांच्या खाली गेलेल्या नजरेवरून दिसत होतं.

"याला आधी बाहेर बसवा," थीदा फणकारली. "नाहीतर आता मूर्तीच हलवायचा. मिंग, तू सांग. तुझी पाळी आहे, तुझ्या आईचं पान आहे."

आई कुठेतरी कोपऱ्यात उभी आहे, सामलॉ कोकोचा वास तिच्यापर्यंत पोचलाय आणि पान समोर असून तिला उपाशी परत जावं लागणार, हे मिंग रोमच्या डोळ्यांसमोर आलं. एवढा राग तिला कधी कुत्र्याचाही आला नव्हता. तोंड उघडून ती त्या माणसाकडे वळली. तो काय चुकलंय ते न कळता सगळ्यांची तोंडं बघत होता, आणि हात कुठे ठेवावेत हे न सुचून ते हवेतच धरून बसला होता.

ते हात बघून तिला तिचे स्वतःचे हात आठवले. टकोमात उतरल्यावर ज्या चर्चनं तिला आणि तिच्या नवऱ्याला आसरा दिला, तिथे पहिल्या रविवारी एक थाळी फिरत फिरत तिच्यापर्यंत आली होती. थाळीत नोटा होत्या. छावणीत थाळी फिरत आली की आपल्या वाटणीचं उचलायचं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं एक नोट उचलली, शेजारच्या निळ्या टोपीवाल्या बाईला हात जोडून नमस्कार केला आणि थाळी पुढे दिली. त्या बाईनं क्षणभर पाहिलं, मग स्वतःही हात जोडले. त्या थाळीतून घ्यायचं नव्हतं, तिच्यात टाकायचं होतं, हे मिंग रोमला कळलं ते पुढच्या हिवाळ्यात. त्या दिवशी लाजेनं ती जेवली नाही. पण निळ्या टोपीवाल्या बाईनं ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती, आणि पुढच्या रविवारीही शेजारी जागा धरून ठेवली होती.

मिंग रोमनं उघडलेलं तोंड मिटलं. मग ग्लेनची बाही धरली. तिचं इंग्रजी मासळीच्या कारखान्यात शिकलेलं, त्यात लांब वाक्यं नव्हतीच.

"तू मोठा. तू ताकदवान," ती म्हणाली. "हे उचल. भंतेंना दे. मग सोड. मग हात नाही लावायचा. कळलं?"

तो म्हणाला कळलं. त्याला काहीही कळलं नव्हतं, पण या आजीचं ऐकायचं एवढं कळलं होतं, आणि आमच्या विहारात तेवढं पुरतं. तिनं त्याला गुडघ्यांवर बसवलं. टेबलाचं भंतेंकडचं टोक त्याच्या हातात दिलं, लांबचं टोक स्वतः आणि थीदानं धरलं. गुडघा असा ठणकला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थीदा दातांखाली पुटपुटत होती की दुकान बंद करून आपण आता हमालीच करावी. टेबल हललं, सामलॉ कोको काठापर्यंत डुचमळलं, एक थेंब ओघळला, पण टेबल वर आलं. थोरल्या भंतेंनी हात पुढे केला, टेबलाला लावला. पुन्हा अर्पण झालं.

टेबल खाली टेकलं आणि सगळ्यांनी श्वास सोडला, तेवढ्यात ग्लेनला एका वाटीतून बाहेर लोंबणारं गवती चहाचं पातं दिसलं. त्याचा हात आपोआप निघाला. मिंग रोमनं तो मनगटाशी हवेतच पकडला, त्याच्या मांडीखाली सारला, दुसराही सारला आणि त्याला त्याच्याच हातांवर बसवून ठेवलं. धाकट्या भंतेंना हसू आवरेना, म्हणून त्यांनी पंखा तोंडापुढे धरला.

थोरल्या भंतेंनी चमचा घेतला तो थेट सामलॉ कोकोत घातला. ते कुठला पदार्थ आधी घेतात यात त्यांचा काही नियम नव्हता, पण इतक्या वर्षांत या एका दिवशी त्यांनी कधी दुसरीकडे चमचा नेला नव्हता. पहिला घास गेला. मग दुसरा. मग त्यांनी भातावर आणखी वाढून घेतलं. मिंग रोमनं कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि तिचं काळीज निवलं. आई जेवत होती.

ता नोपांना मात्र चौकशी केल्याशिवाय राहवेना. हा मनुष्य इथे आला कशाला, हे त्यांनी थीदामार्फत विचारलं. ध्यान शिकायला आला असेल तर ते रविवारी असतं, असंही सांगायला लावलं.

ग्लेन म्हणाला, ध्यान नाही. फाटकावरचा फलक वाचून आलो. फलक थीदानंच लावला होता, या दिवसांत गेलेल्यांसाठी जेवण दिलं जातं, कुणीही यावं, असा. ग्लेन म्हणाला, माझी आई मार्चमध्ये गेली. इथेच, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. मग तो सांगत गेला आणि थीदा ख्मेरमध्ये सांगत गेली, आणि सांगता सांगता तिचा आवाज बदलत गेला.

"म्हणतो, आई रोज सकाळी कुत्रा घेऊन इथून जायची. सिंहाच्या डोक्यावर हात ठेवायची, म्हणायची दिवस बरा जातो. म्हणतो, घरी येऊन सांगायची की तिथे एक छोटीशी बाई झाडू घेऊन उभी असते, आणि मी दिसले की इतकी खूश होते की झाडूच हलवते. आख्ख्या गल्लीत तीच एक मला रोज हात करते." थीदानं ग्लेनचं पुढचं ऐकून घेतलं. "म्हणतो, एकदा आत जाऊन बघायचं तिच्या फार मनात होतं. पण बोलावल्याशिवाय कसं जायचं, असं म्हणत राहिली."

बायकांच्या रांगेत कुणीही मिंग रोमकडे पाहिलं नाही. एरवी एवढा मुद्दा मिळता तर महिनाभर पुरवला असता, पण त्या दिवशी सगळ्या आपापल्या नखांकडे बघत बसल्या.

मिंग रोम बराच वेळ टॉवेलची घडी घालत राहिली. घडी झाली, मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "तिला खायला काय आवडायचं, विचार."

ग्लेन ओशाळला. इथलं एवढं सगळं बघून त्याला सांगायलाच संकोच वाटत होता. मेपल बार, तो म्हणाला. आजारातही तेवढंच मागायची.

"आता कुठून आणायचा?" थीदा म्हणाली. "डबा सकाळीच फस्त झाला, मिंग. दुकानात जाऊन येईपर्यंत बारा वाजून जातील."

मिंग रोम उठली. ठणकता गुडघा हातानं दाबत, भिंतीला धरून ती स्वयंपाकघरात गेली. आतून जुन्या राइस कुकरचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा तिच्या हातात ताटली होती आणि ताटलीत कागद काढलेला, अख्खा, चकचकीत मेपल बार. थीदानं आधी ताटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तोंड मिट," मिंग रोम म्हणाली.

ताटली तिनं ग्लेनच्या हातात दिली. या वेळी काही सांगावं लागलं नाही. तो गुडघ्यांवर पुढे सरकला, दोन्ही हातांनी ताटली उचलून थोरल्या भंतेंपुढे धरली, त्यांनी ती घेतली, आणि ग्लेननं मागे सरकून आपले हात आपणच मांडीखाली घालून घेतले. ता नोप कुरकुरले की भंतेंना साखरेचा आजार आहे, डॉक्टरांनी गोड बंद केलंय. थोरल्या भंतेंनी घड्याळाकडे पाहिलं. काटा अगदी टेकायला आला होता.

"डॉक्टरांनी मला बंद केलंय, बाईंना नाही," ते म्हणाले, आणि मोठा तुकडा मोडून तोंडात टाकला. चावून, गिळून, बोटाला लागलेला पाकही त्यांनी वाया जाऊ दिला नाही.

मग घड्याळानं आपलं काम केलं. ता नोपांनी पाण्याची झारी मिंग रोमपुढे ठेवली आणि वाडग्यात पाणी सोडायला सांगितलं. पाणी पडत असताना आपापल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं असतं. ग्लेनला झारी कशी धरायची ते ठाऊक नव्हतं, म्हणून मिंग रोमनं आपल्या हातांवर त्याचे दोन्ही हात ठेवून घेतले. त्याच्या आईचं नाव मार्जोरी. ता नोपांच्या तोंडात ते धड बसेना, दोनदा अडखळून त्यांनी ते कसंबसं मंत्रात बसवलं. ग्लेन रडत होता. तोंड लपवायला त्याला हातच मोकळा नव्हता, तेव्हा तो तसाच, सगळ्यांसमोर रडला. थीदानं टॉवेल पुढे केला. तो मघाशी त्याच्या पायांवर होता हे कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असलं तरी कुणी बोललं नाही.

पाण्याची धार बारीक होत आली तशी मिंग रोम वाडग्यावर वाकली. दर वर्षी या वेळी ती आईला एकच सांगायची, पोटभर जेव. या वर्षी तिचे ओठ बराच वेळ हलत राहिले. शेजारी बसलेल्या थीदाला ते ऐकू आलं, म्हणून आम्हाला कळलं.

"आई, तुझ्याकडे एक पाहुणी येतेय. मार्जोरी नाव आहे. पहिल्यांदाच येतेय, तिला आपलं काही ठाऊक नाही, भाषाही येत नाही. तिला तुझ्या शेजारी बसवून घे. तिनं काही हलवलंबिलवलं तर रागावू नकोस. आणि कुत्रा बरोबर असेल, तर त्यालाही घे आत."

झारी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिंग रोम नेहमीसारखी झाडू घेऊन सिंहांपाशी उभी होती. गल्ली रिकामी होती. तरी ठरलेल्या वेळेला तिनं झाडू डोक्यावर धरला आणि हलवला.